वाणाचं रॉकेल

सन एकोणीसशे ऐंशीच्या डिसेंबर महिन्यात वाशी येथे रॉकेल उपलब्ध होतं आणि त्याचा भाव स्थिर होता. ते कोणाच्याही स्टोव्हमध्ये नव्हतं, ही गोष्ट अलाहिदा. भाव स्थिर असल्याबद्दल शासनाकडे लेखी पुरावा होता, आणि तो पुरावा श्यामसुंदर आंबर्डेकर दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी आपल्या सुवाच्य अक्षरात तयार करत असत.

श्यामसुंदर हे निर्वाहखर्च निर्देशांक कक्षात अन्वेषक होते. माणूस कशासाठी जगतो हा प्रश्न संतांच्या अखत्यारीत येतो, कसा जगतो हा पोलिसांच्या. कितीत जगतो एवढाच प्रश्न सरकारने या कक्षाकडे सोपवला होता. वाशी हे नव्याने वसलेलं नगर निर्देशांकात समाविष्ट झालं, तेव्हा श्यामसुंदर तिथेच राहतात म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं. प्रवासभत्ता वाचला. चिठ्ठ्या टाकून काही नमुना कुटुंबं निवडली गेली, ती योगायोगाने त्यांच्याच सहवास सोसायटीतली निघाली, आणि त्यातली एक चिठ्ठी खुद्द श्यामसुंदरांच्या बिऱ्हाडाची निघाली.

तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी ते सकाळी घराबाहेर पडत, दार ओढून घेत आणि आपल्याच दाराची कडी वाजवत. त्यांची बायको वैजयंती दार उघडी.

"नमस्कार. तूरडाळ कितीला घेतलीत?"

"तुम्हीच आणलीत काल. पिशवी फाटकी आणलीत, अर्धी डाळ जिन्यात सांडली."

"सांडलेली डाळ विचारात घेतली जात नाही. भाव सांगा."

माणूस असा नियमाचा पक्का होता. आणि नियमपुस्तिका स्पष्ट होती. वस्तू ज्या भावाने प्रत्यक्ष मिळाली तो भाव कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी नोंदवावा. कोणालाच मिळाली नसल्यास मागील महिन्याचा भाव पुढे चालवावा. सितारामच्या रेशन दुकानात दसऱ्यापासून रॉकेल आलं नव्हतं. आधी तो 'रॉकेल संपले' असं पाटीवर खडूने लिही. दिवाळीनंतर त्याने ते ऑइल पेंटने लिहून घेतलं. वस्तू मिळत नव्हती, म्हणून भाव वाढत नव्हता. अशा रीतीने वाशीतली महागाई आटोक्यात होती.

रॉकेल नव्हतं याचं कारण मात्र खरं होतं. त्या सप्टेंबरात इराण आणि इराक यांच्यात जुंपली आणि तिकडून येणारं तेल आटलं. आसामात आंदोलन चालू होतं, तिथलं तेल तिथेच अडलं. पण त्या लढाईची झळ लागून घेण्यात वाशीकरांनी जी तत्परता दाखवली, ती बसऱ्याच्या लोकांनाही साधली नसेल. न्हाव्याने दाढीचा दर वाढवला. श्यामसुंदर गालाला साबण लावलेल्या अवस्थेत म्हणाले, "अरे, वस्तऱ्याला कुठे रॉकेल लागतं?"

"वस्तऱ्याला नाय लागत साहेब. वस्तरा चालवनाऱ्याला जेवन लागतं ना!"

अर्धी दाढी राहिलेल्या माणसाने यावर वाद घालणं शहाणपणाचं नव्हतं. भटजींनी सत्यनारायणाची पोथी चार अध्यायांत आटोपली आणि दक्षिणा सहा अध्यायांची घेतली. "यजमान, आखातात परिस्थिती बिकट आहे," असं ते पळीपंचपात्र पिशवीत टाकताना म्हणाले. सोसायटीचे चेअरमन नंदकिशोर घळसासी यांनी मेंटेनन्स वाढवला. पाण्याचा पंप विजेवर चालतो हे कोणी लक्षात आणून दिलं, तेव्हा 'युद्धजन्य परिस्थितीत असे बारकावे काढणे देशहिताचे नाही' अशी सूचना जिन्यात लागली. थोडक्यात, प्रत्येकाने आपापली लढाई दुसऱ्याच्या खिशात नेऊन लढायला सुरुवात केली होती.

चाकरमान्यांना यावर एकच उतारा ठाऊक होता, महागाई भत्ता. निर्देशांक ठरलेली रेघ ओलांडून गेला की पगाराबरोबर भत्त्याचा एक हप्ता वाढायचा. सहवास सोसायटीत सगळेच पगारदार. निर्देशांक त्या रेघेच्या अगदी खाली, नाक लावून उभा होता. एका वस्तूने जोर लावला असता तर पलीकडे गेला असता. ती वस्तू रॉकेल होती, आणि रॉकेलचा भाव आंबर्डेकर स्थिर लिहीत होते.

नंदकिशोररावांनी सभा बोलावली.

"श्यामसुंदरराव, तुमचा निर्देशांक हलत का नाही?" बँकेत हेडक्लार्क असल्यामुळे ते सर्वांनाच थकबाकीदाराशी बोलावं तसे बोलत.

"हलण्यासारखं काही नोंदवलं गेलेलं नाही."

"काय सांगता! आमची जयमाला दोन दिवस गार चहा पाजतेय मला!"

"गार चहा यादीत नाही. चहापत्ती आहे. ती वाढली, मी लिहिली."

सेक्रेटरी सुधीर हा गिरगावातून आलेला गडी. तो उठला. "एक मिनिट. सिताराम दुपारी दुकान बंद करून मागच्या दारानं घासलेट देतो. तिप्पट भावानं. अख्ख्या वाशीला ठाऊक आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये कॅन गव्हाच्या पिशवीतून येतात, वर दोन मुठी गहू टाकून. ते लिवा ना राव! कशाला फुकटचं टेन्शन देताय?"

"लिहितो की!" श्यामसुंदरांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता, कारण खरा भाव लिहावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. "वस्तू प्रत्यक्ष मिळाल्याची एका कुटुंबप्रमुखाची सही पुरे. एकच. कोण करतंय?"

सभागृहात शांतता पसरली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की उंदरांच्या सभेत पसरते तीच.

"मी आपलं ऐकलंय," सुधीर बसता बसता म्हणाला.

"आमच्याकडे मेव्हणा आणून देतो. तो ठाण्याला असतो," आणखी कोणी म्हणालं.

"मी बँकेत आहे हो," नंदकिशोर म्हणाले. "काळ्या बाजारातल्या खरेदीवर सही करू? उद्या नोकरी जाईल. तुम्हीच करा की सही! तुम्ही पण नमुन्यात आहात ना?"

"आमच्याकडे काळ्या बाजाराचं रॉकेल येत नाही," श्यामसुंदर ताठ होऊन म्हणाले. "आमच्याकडे भुश्शाची शेगडी आहे."

हे खरं होतं. तुर्भ्याच्या वखारीतून ते भुसा आणत, वैजयंती तो डब्यात ठासून भरी आणि धुराने डोळे पुसत पुसत भात शिजवी. पतीच्या सचोटीची किंमत तिच्या डोळ्यांतून वसूल होत होती. पण भुसा सरकारी यादीत नव्हता, डोळेही नव्हते.

सभेने एकमताने ठराव केला की श्री. आंबर्डेकर हे महागाईच्या मार्गात अडथळे आणीत असून सभा त्यांचा तीव्र निषेध करते. सूचक सुधीर, अनुमोदक मेव्हणेवाले.

संक्रांत आली. हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली. जिन्यातून बांगड्या वाजत यायच्या, समोरचं दार वाजायचं, वरचं वाजायचं. आंबर्डेकरांचं दार तेवढं वगळून बांगड्या पुढे जायच्या. वैजयंती स्वयंपाकघरात हातात झारा घेऊन कान देऊन उभी राहायची. वेंगुर्ल्याहून इतक्या लांब या खाडीकाठच्या नव्या नगरात आली, माणसं जोडली, आणि नवऱ्याच्या एका आकड्यापायी ती माणसं दाराला वळसा घालून जायला लागली. तिसऱ्या दिवशी ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "धुरामुळे." श्यामसुंदरांना ते धुरामुळे नाही हे कळलं, आणि फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याला नियमपुस्तिकेत रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी करावे गावची मासळीवाली पुतळा पाटी घेऊन आली. पाटीत मूठभर बोंबील होते आणि ते चिंतेत पडल्यासारखे दिसत होते.

"इतकेच?"

"खारीन मासली हाय कुटं बाय? कारखान्याचं पानी येतं, मासली मरते. घरधनी होरी काऱ्हीतच नाय. होरीच्या बत्त्यांचं घासलेट मिलतं सरकारकरून, तं ते डबं घरान तसंच परलंन."

वैजयंतीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "घासलेट? तुझ्या घरी?"

"डबंच्या डबं हायेत. मासली नाय, घासलेट हाय. काय त्याचं कालवन करू?"

"मला दे की एक डबा! पैसे देते."

पुतळाने दोन्ही कानांना हात लावले. "पैशे नको गं बाय! पैशे घेतलं का बिलॅक झाला. पोलीस येतंन. माजे गोजराचं लगीन हाय माघान. तुजेकरं येकांदा शालू असंल त दे. शालूला कोन बिलॅक म्हनत नाय."

वैजयंतीने ट्रंक उघडली. आईने लग्नात दिलेला हिरवा शालू तिने नाकाशी धरला. डांबरगोळ्यांचा आणि माहेरचा असा मिळून वास आला. मग तिने तो चटकन पुतळाच्या हातात ठेवला, कारण अजून एकदा वास घेतला असता तर दिला नसता.

संध्याकाळी डबा घरात आला. श्यामसुंदरांनी भोवती प्रदक्षिणा घातली. "हा व्यवहार... खरेदी आहे का?"

"नाही."

"मग भाव काय?"

"शालू."

"शालू म्हणजे रुपये किती?"

"माझ्या आईला विचारा," वैजयंती म्हणाली. तिची आई वारून सहा वर्षं झाली होती. श्यामसुंदरांनी पेन खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती करंडा घेऊन प्रत्येक दारी गेली. "परवा हळदीकुंकू आहे आमच्याकडे. यायचं हं! वाण घासलेटाचं आहे. पाव पाव लिटर. बाटली घेऊन या."

वाण म्हणजे उपयोगी वस्तू लुटायची. जयमालाने आदल्या वर्षी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या वाटल्या होत्या, आणि तेव्हापासून सोसायटीत प्रत्येक घरात झाकण न लागणारी एक डबी होती. घासलेटाचं वाण ऐकताच तिच्या हातून कुंकवाची चिमूट खाली पडली.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी चारपासून आंबर्डेकरांच्या दारी जी रीघ लागली तशी मंत्रालयातही लागत नाही. पदराखाली बाटल्या, पिशवीत बाटल्या. एकीने बाळाची दुधाची बाटली आणली, बाळ मागे भोकाड पसरून होतं. श्यामसुंदर जिन्यात उभं राहून ओरडत होते, "निरांजन लावू नका! कोणीही ओवाळू नका!" वैजयंती कुंकू लावी, तिळगूळ देई, अत्तर लावी, आणि नरसाळं बाटलीत घाली. गुलाबपाणी आणि रॉकेल यांचा मिळून एक नवाच सुगंध दरवळला आणि बायकांनी तो छाती भरून घेतला. दारी आलेल्या सवाशिणीला रिकाम्या हाती पाठवायचं नाही हा शिरस्ता असल्यामुळे सानपाड्याच्या सवाशिणी आल्या, बोनकोड्याच्या आल्या. एक सवाशीण तीनदा आली, तीन निरनिराळी पातळं नेसून. तिसऱ्या वेळी तिला मिशा असल्यासारखं वैजयंतीला वाटलं, पण सणासुदीला कोण बारकाईनं बघतंय! रेशनवाल्या सितारामची बायको आली. रेशनिंग इन्स्पेक्टरची बायको तर मोटारसायकलवरून आली, तिला सोडायला खुद्द इन्स्पेक्टर आले होते.

तळमजल्यावरच्या सुमित्राबाई तेवढ्या आल्या नव्हत्या. त्या विधवा, निवृत्त शिक्षिका. रीत त्यांना ठाऊक होती. वैजयंतीने गर्दीतून वाट काढली, खाली गेली आणि त्यांच्या स्टोव्हमध्येच रॉकेल ओतून आली.

"अगं, मला कुठलं वाण?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"स्टोव्हला सौभाग्य लागत नाही, बाई."

संध्याकाळी तीन मजल्यांवर स्टोव्हचा फरफर आवाज सुरू झाला. कित्येक दिवसांनी सोसायटीत हात न आखडता गरम चहा झाला, भजी तळली गेली, आणि नंदकिशोरराव स्वतः एक बशी भजी घेऊन आंबर्डेकरांकडे आले. वैजयंतीच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की श्यामसुंदरांनी तिसरं भजं घेतलं, एरवी ते दोनावर थांबत.

पण स्त्रीजातीत मान म्हणून काही असतो. पाव लिटर वाण देऊन आंबर्डेकरीण पुढे गेली, मग चेअरमनच्या बायकोने मागे राहायचं? जयमालाने पुतळाला गाठून आपली पैठणी दिली आणि अर्धा लिटर वाटलं. तिसरीने नारायणपेठ देऊन एक लिटर. रथसप्तमीपर्यंत सोसायटीतल्या ट्रंका रिकाम्या झाल्या आणि बादल्यासुद्धा रॉकेलने भरल्या. करावे गावात माघात गोजराचं लग्न झालं तेव्हा मांडवात अंगणवाडीच्या पोरींपासून मासळीवाल्या आज्यांपर्यंत सगळ्या भरजरी वस्त्रांत होत्या. वाशीच्या बायका वऱ्हाड बघायला गेल्या आणि आपापली साडी ओळखून परत आल्या.

फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार आला. कक्षाचे उपसंचालक धर्मराज साहेब नेमके त्याच दिवशी वाशी केंद्राच्या तपासणीला आले. आयुष्यभर सरासरी काढून काढून त्यांच्या चेहऱ्यावर कमीजास्त काही उरलेलं नव्हतं. सोसायटीच्या ऑफिसात टेबल मांडलं. श्यामसुंदरांनी प्रपत्र पसरलं. रॉकेलच्या रकान्यापाशी ते थांबले.

"हं. या महिन्यात वस्तू मिळाली?" साहेबांनी विचारलं.

"मिळाली, साहेब. पण..."

"कितीला?"

"वाणात मिळाली. म्हणजे... फुकट. पण मूळ व्यवहार शालूचा आहे."

"शालू आपल्या यादीत आहे का?"

"नाही, साहेब. लुगडं आहे, जाडंभरडं."

"मग शालू नाही. भाव शून्य लिहा."

"साहेब, शून्य हा भाव कसा असेल?"

धर्मराज साहेबांनी चष्मा काढला. "आंबर्डेकर, शून्य ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे. ती आपल्याच प्रपत्रात नाकारायची? सही घ्या."

इथे श्यामसुंदरांना पुढचं सगळं लख्ख दिसलं. रॉकेल शून्य झालं तर निर्देशांक रेघ ओलांडायचं सोडा, तोंडघशी पडेल. भत्ता वाढणार नाहीच, आधीचा मिळालेलाही जाईल. ते उठून बाहेर आले. बाहेर सगळी सोसायटी जमली होती. सरकारी साहेब आलाय, फुकट घासलेट मिळालेल्यांची यादी करतोय, ज्याची सही असेल त्याला दर महिन्याला मिळेल, अशी बातमी सुधीरने तोवर पसरवली होती.

"सही करू नका!" श्यामसुंदर हात जोडून म्हणाले. "फुकट मिळालं म्हणून सही केलीत तर भत्ता बुडेल. सगळ्यांचा! माझं ऐका!"

"बघा!" मेव्हणेवाले ओरडले. "पुन्हा आडवा आला हा माणूस!"

"श्यामसुंदरराव," नंदकिशोर करड्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, वस्तू मिळाल्याची सही पाहिजे? मिळाली आम्हाला. सही आम्ही करणार. तुम्ही फक्त पेन द्या."

आणि ज्या सभेत एक सही मिळाली नव्हती तिथे सह्यांसाठी ढकलाढकली झाली. नमुन्यातल्यांनी केल्या, नमुन्यात नसलेल्यांनी 'आम्ही काय पाप केलंय' म्हणून मागे जोडपत्र लावून केल्या. मेव्हणेवाल्यांनी मेव्हण्याच्या नावानेही केली. सुमित्राबाई पुढे आल्या, त्यांनी कागद पूर्ण वाचला, चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि सही न करता घरी गेल्या. म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो, असं सुधीर म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते रीतसर झालं. नवीन नगर केंद्राचा निर्देशांक असा काही घसरला की कक्षात पेढे वाटले गेले. भत्त्याचा नवा हप्ता रद्द झाला, जुना चुकून दिला गेला होता असं ठरून त्याची वसुली सुरू झाली. ती धर्मराज साहेबांच्या पगारातूनही झाली. शून्यावर त्यांचं प्रेम होतं, पण ते पगाराच्या पावतीवर आल्यावर त्यांचा चेहरा प्रथमच सरासरीच्या खाली गेला.

कुठेतरी पोटनिवडणूक होती. एक मंत्री वाशीत आले, कमान उभारली गेली, लाऊडस्पीकर लागला. "तिकडे तेलासाठी रक्ताचे पाट वाहताहेत," मंत्री कळवळून म्हणाले, "आणि इकडे आमच्या माताभगिनी तेल फुकट वाटताहेत! विरोधक म्हणतात महागाई आहे. कुठे आहे महागाई? सह्या आहेत माझ्याकडे!" सहवास सोसायटीने टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी नाव घेतलं की माणूस टाळ्या वाजवतो, कशाबद्दल ते घरी गेल्यावर बघता येतं. याच भाषणात त्यांनी जाहीर केलं की वाशी रॉकेलच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाल्यामुळे तिचा कोटा गरजू भागाकडे वळवण्यात येत आहे. करावे गावाच्या होड्या रात्री बाहेर पडत नसून तिथलं रॉकेल लग्नकार्यात खर्च होतं असं चौकशीत आढळल्याने तोही बंद झाला. सिताराम दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून पाटीवरचा 'संपले' हा शब्द खोडून घेत होता. तिथे त्याला 'येणार नाही' असं हवं होतं.

बादल्या रिकाम्या झाल्या. सोसायटी पुन्हा आंबर्डेकरांच्या दारी आली. या वेळी बांगड्या नव्हत्या, नुसते आवाज होते. श्यामसुंदरांनी सह्यांची नक्कल दाखवली, तेव्हा प्रत्येकाने आपली सही ओळखली आणि दुसऱ्याला दोष दिला. वैजयंतीचं दार पुन्हा वगळलं जाऊ लागलं. शालूही गेला होता आणि शेजारही गेला होता.

मार्चमध्ये तुर्भ्याच्या वखारवाल्याने भुसा महाग केला. "साहेब, तिकडं लढाई चाललीय," तो म्हणाला. श्यामसुंदरांनी कारण विचारलं नाही. त्या दुपारी वैजयंती धुरात बसली होती. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता, तरी दुसऱ्या डोळ्याने ती भाकरी बघत होती. श्यामसुंदर उठले. त्यांनी गव्हाची पिशवी घेतली, कॅन घेतला, सितारामचं दुकान बंद व्हायची वाट बघितली आणि मागच्या दाराने गेले. मागच्या दाराशी सुधीर उभा होता, नंदकिशोर उभे होते, मेव्हणेवाले उभे होते. रेशनिंग इन्स्पेक्टरसुद्धा उभे होते, पण ते रांग मोडून पुढे गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळे आभाळाकडे बघत होते, जणू पाऊस येणार होता. वर दोन मुठी गहू टाकून श्यामसुंदर घरी आले, आणि बऱ्याच दिवसांनी वैजयंतीने डोळे न पुसता भात केला.

महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी ते नेहमीप्रमाणे निघाले. आज एक सही मिळाली तर रॉकेलचा खरा भाव लागणार होता, निर्देशांक चढणार होता, भत्ता परत येणार होता; नाही तर मागच्या महिन्याचं शून्यच पुढे चालणार होतं. त्यांनी दारं वाजवली.

"रॉकेल कितीला घेतलंत?"

"घेतलंच नाही हो," जयमाला म्हणाली. मागे स्टोव्ह फरफरत होता.

"आम्हाला लागतच नाही. आम्ही फळं खातो," सुधीर म्हणाला.

शेवटी ते स्वतःच्या दाराशी आले. कडी वाजवली. वैजयंतीने दार उघडलं. सूज उतरली होती.

"नमस्कार," श्यामसुंदर म्हणाले. "रॉकेल... कितीला घेतलंत?"

वैजयंती त्यांच्याकडे पाहत राहिली. आत ओट्याखाली कॅन होता, त्याच्या झाकणाला गव्हाचे दोन दाणे चिकटलेले होते. पेन त्यांच्याच खिशात होतं. कुटुंबप्रमुख तेच होते. एकच सही पुरे होती, हे अख्ख्या वाशीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

समोरचं दार किलकिलं झालं. वरच्या जिन्यात कोणीतरी थांबलं.

"तुम्हीच सांगा," वैजयंती हळू म्हणाली.

श्यामसुंदरांनी प्रपत्र भिंतीला टेकवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: स्थिर.

वाचकहो, तुम्ही हसलात ते ठीकच झालं, हसण्याला अजून रेशनकार्ड लागत नाही. पण तुमच्याही दाराची कडी कोणीतरी वाजवतोच. कधी सरकारचा माणूस असतो, कधी नातेवाईक, कधी नुसता शेजारी. तो विचारतो, "काय, कसं चाललंय?" तुमच्या ओट्याखाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. समोरचं दार किलकिलं असतं. आणि तुम्ही म्हणता, "मजेत!" आणि दार लावून घेता.